शाबासीचं फूल

आईवडिलांनी मला वाढवलं, कॉलेजने पदवी दिली, पण आज मी ज्या कामावर पोट भरतो ते काम आणि ते पाहणारे डोळे मला छीआपांनी दिले. हे मी सगळ्यांत आधी सांगून टाकतो. कारण एकदा हे सांगायची वेळ आली होती आणि तेव्हा मी ते सांगितलं नाही.

छीआपांचं खरं नाव जैनबबी. बीडमध्ये बिंदुसरेच्या पुलाजवळच्या एका गल्लीत त्यांची लहानशी खोली होती. तिथे बसून त्या भरतकामाचे खाके काढायच्या. बटर पेपरवर नक्षी काढायची, प्रत्येक रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, तो कागद कापडावर अंथरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड नाहीतर नीळ बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून ठिपके खाली उतरतात आणि कापडावर वेल उमटते. मग बाया त्या ठिपक्यांवरून दोरा घालतात. नेकनूरपासून धारूरपर्यंत लग्नाच्या कितीतरी ब्लाउजांवर आपांची फुलं होती, आणि ती घालणाऱ्या मुलींना आपांचं नावही माहीत नव्हतं.

गल्लीत मात्र त्यांचं नाव पक्कं होतं. वाईट नक्षी दिसली की त्यांच्या तोंडून ‘छी’ निघायचं. शिंक यावी तसं यायचं ते. आधी नाक आकसायचं, मग खालचा ओठ पुढे यायचा, मग छी. दुकानाबाहेर टांगलेल्या चादरींना छी, लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या माळांना छी. एकदा पुलावर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं होतं, त्याच्या चेहऱ्याभोवती गुलाब चिकटवलेले. आपा पुलावर मधोमध उभ्या राहिल्या. मागे हॉर्न वाजत होते. "याच्या मिशीतून गुलाब कावून निघालाय?" असं त्यांनी मोठ्याने विचारलं. पुढाऱ्याची दोन पोरं खालीच उभी होती. त्यांनी वर पाहिलं, आपसात काही बोलली, आणि हसली.

माझे वडील आमच्या पाली गावापासून बीडपर्यंत प्रवासी रिक्षा चालवायचे. त्यांना आपा माझ्या आधीपासून माहीत होत्या. वडिलांनी एकदा हौसेने सीटला नवं रेक्झिन बसवलं, त्यावर ताटाएवढाले लाल गुलाब. आपा बसायला आल्या आणि पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या.

"छी."

"आपा, बसायचं हाय का बघायचं हाय?" वडील म्हणाले.

"बसते की. असल्या फुलावर बसायला जिवाला काही वाटत न्हाई, तेवढं बरं हाय त्याचं."

वडिलांनी ही गोष्ट घरी आठ दिवस हसत हसत सांगितली. नवव्या दिवशी त्यांनी सीटवर साधा निळा कपडा घातला. "कावून काढलं रेक्झिन?" आईने विचारलं. "काढलं न्हाई, झाकलं," वडील म्हणाले. "आता मलाबी ते बघवंना."

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा ताईचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ताईला पांढऱ्या ब्लाउजच्या बाह्यांवर निळी कोयरी हवी होती. मला चित्र बरं काढता येतं असं घरात सगळ्यांचं मत होतं, म्हणून मीच कोयरी काढली आणि कागद घेऊन आपांकडे गेलो. त्यांनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"हे काय हाय?"

"कोयरी."

"मला तर मेलेला उंदीर दिसतो. शेपटीला धरून उचललेला. बहिणीच्या बाहीवर उंदीर टांगतो का रे? छी."

मी कागद घेतला आणि उठलो. इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या घरात किळस कुणाला परवडत नव्हती. मिळालं ते खायचं, कुणी दिलं ते घालायचं आणि वर ‘छान आहे’ म्हणायचं, ही आमची रीत. आजोबांनी धम्म घेतला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. पण त्याआधी किळस ही आमच्याबद्दल दुसऱ्यांना वाटायची गोष्ट होती. आजी सांगायची, छी हा शब्द तिने लहानपणी ऐकला तो पाणी मागताना. त्यामुळे आपांचं छी माझ्या कानात भलत्याच ठिकाणी जाऊन लागलं. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं.

"कुठं चाललास?" त्या म्हणाल्या. "तुला न्हाई म्हणले मी. रेघेला म्हणले. माणसाला छी म्हणणाऱ्याचं तोंड घाण असतं, माझं न्हाई. बस खाली. पाणी पी."

त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. मी प्यालो आणि बसलो. पुढची तीन वर्षं, कॉलेज सुटल्यावर, मी तिथेच बसत होतो.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती कोयरीचीच. "ती आंब्याची कोय न्हाई. ते झाड हाय, सरूचं. इराणातलं. वारा आला की शेंडा वाकतो, तो हा वाक. झाड म्हणल्यावर मूळ पाहिजे, खोड पाहिजे. तुझ्या उंदराला मूळ कुठं हाय?" आपांनी सरूचं, म्हणजे सायप्रसचं, झाड कधी पाहिलं नव्हतं. इराण सोडा, औरंगाबादच्या पलीकडे त्या गेल्या नव्हत्या. त्यांचे आजोबा औरंगाबादेत हिमरू कापडाच्या मागांसाठी नक्शे काढायचे, ते त्यांचे दादाजान. आपांचं सगळं इराण त्या दादाजानच्या एका कागदावर होतं. चार हात लांब, तेलाने पिवळा पडलेला, घड्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवलेला कागद. त्या त्याला ‘बाग’ म्हणायच्या. खाली एका कोपऱ्यात एक मूळ, तिथून एक वेल निघते, गोल गोल वळत, फांद्या सोडत, शेकडो फुलं धरत सबंध कागदभर जाते.

त्या बागेवर त्यांनी मला जो नियम शिकवला तो एकच होता. कुठल्याही फुलावर बोट ठेवायचं आणि देठावरून मागे मागे येत मुळापर्यंत पोहोचायचं. बोट उचलायचं नाही. फूल लहान असो, मोठं असो, त्याला त्याची वाट असली पाहिजे. "इराणी फुलाची हीच अदब हाय," त्या म्हणायच्या. "कुठून आलं ते सांगतं. तुटकी फुलं प्रेतावर टाकत्यात, कपड्यावर न्हाई." तीन महिने त्यांनी मला एकही फूल काढू दिलं नाही. नुसते देठ. माझ्या देठांवर त्या बोट फिरवायच्या आणि जिथे वळण अवघडलं असेल तिथे बोट थांबायचं. "इथं वेलीला उचकी लागली. छी." मी परत काढायचो.

त्या बागेत एक मोठं फूल होतं. कमळ उभं चिरावं तसं, पाकळीच्या आत पाकळी, तिच्याही आत पाकळी आणि बाहेरून करवतीसारखी पानं वळलेली. आपा त्याला ‘शाबासी’ म्हणायच्या. मला वाटलं, ते फूल जमलं की शाबासी मिळते. मी एकदा विचारलंही.

"हां, तसंच हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला मिळाली होती?"

त्यांनी सुई थांबवून आठवल्यासारखं केलं. "दादाजान म्हणले होते, मागच्यापेक्षा कमी वाईट हाय."

मला त्या कुणालाच शाबासी देताना दिसल्या नाहीत. पण त्यांची एक खोड मला उशिरा कळली. एखादी बाई मोबाईलवर फोटो घेऊन यायची, मोर, गुलाब, बदाम, वर नवरा-नवरीची नावं. आपा फोटो लांब धरून म्हणायच्या, "छान हाय. लई छान." खाका काढून द्यायच्या, बाई खुशीत जायची. मला नवल वाटायचं. इतक्या भयंकर गोष्टीला छी नाही? एकदा मी न राहवून विचारलं.

"आपा, तिला छान कावून म्हणालात?"

"मग काय म्हणू? तिला कळणार हाय का?" त्यांनी सुईतला कागदाचा कण फुंकला. "छी फुकट हाय का रे? ज्याच्यात काहीतरी हाय त्यालाच म्हणायचं. बाकीच्यांना छान म्हणायचं आन् वाटेला लावायचं."

त्या दिवशी मी सायकलवरून पालीला जाताना मोजत गेलो. त्या आठवड्यात मला अकरा वेळा छी मिळालं होतं. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

पदवी मिळाली. आमच्या घरातली पहिली. आपांनी माझ्या हातून सबंध बागेचा खाका करून घेतला, एकेक भोक माझ्या सुईचं. तो गुंडाळून त्यांनी मला दिला. "हा तुझा. तू टोचलास. जा आता, मिलन." माझं नाव मिलिंद. आपांना ते तीन वर्षांत एकदाही नीट म्हणता आलं नाही, आणि मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

सुरतला एका भरतकामाच्या कारखान्यात मुलाखतीला गेलो. तिथे संगणकावर नक्षी बनवतात, त्याला पंचिंग म्हणतात, आणि मग वीस-वीस सुयांची यंत्रं ती एकदम भरतात. माझ्या आधीच्या दोघांनी मोठमोठ्या संस्थांची नावं सांगितली होती. माझ्या कामाचे कागद शेठना आवडले. त्यांनी विचारलं, "कुठे शिकलास?" बीडला एक बाई खाके काढतात, त्यांच्याकडे, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. गार खोली होती, काचेचं टेबल होतं, आणि मला रॉकेलचा वास आल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "स्वतःच शिकलो, सर." शेठ खूश झाले. तो दिवस आठवला की मला अजूनही तोंडात कडू येतं.

वर्षभराने शेठनी इराणी फुलांची चादर काढायला सांगितली. मी बागेचा खाका उघडला आणि महिनाभर खपून ती सगळी वेल संगणकात चढवली. शेठ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वेल काढून टाक. मशीन अर्धा वेळ वेलीवरच फिरत बसेल. फुलं ठेव. लोक फुलंच घेतात. सुटी फुलं लहानमोठ्या कुठल्याही चादरीवर पसरता येतात." मी एकदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. दादाजानने, आपांनी आणि मी जी वेल मुळापासून वाहत आणली होती ती जायला एक बटण पुरलं. प्रत्येक फुलाखाली बोटभर देठ तेवढा राहिला, छाटलेल्या मानेसारखा.

यंत्र सुरू झालं तेव्हा मी समोर उभा होतो. वीस सुया एकाच वेळी खाली येत होत्या आणि पांढऱ्या कापडावर वीस मुंडकी उमटत होती. मग आणखी वीस. शाबासीचं फूल सगळ्यांत मोठं, म्हणून ते सगळ्यांत ओंगळ. त्या कापडाची, त्या यंत्राची आणि ते बघत उभ्या असलेल्या माणसाची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तरी मी नमुना पसंत असल्याची सही केली. चादर चांगली खपली.

त्याच सुमाराला तिथल्या एका पुस्तकात मला कळलं की त्या फुलाचं नाव शाबासी नाही, शाह अब्बासी आहे, इराणच्या एका बादशहावरून पडलेलं. बीडच्या गल्लीपर्यंत येता येता त्याचं शाबासी झालं. फोन करून आपांना सांगावं असं वाटलं आणि मग फोन करायचा धीर झाला नाही.

गेल्या दिवाळीला कारखान्याने सगळ्यांना ती चादर भेट दिली. मी ती घरी न्यायलाच नको होती. आईने पिशवी उघडून पाहिली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. "ही तू केलीस? आधी आपांना दाखव. ज्यांनी शिकवलं त्यांना आधी दाखवायचं असतंय." मी टाळाटाळ केली, तर तिने वडिलांना रिक्षा काढायला लावली.

साखरेच्या आजाराने आपांची नजर गेली होती. उजेड-अंधार कळायचा, बाकी काम बोटांवर. खाके आता त्यांची भाची नसरीन काढत होती. माझा आवाज ऐकताच आपा म्हणाल्या, "मिलन आला का रे? लई वाळलास काय? आवाज वाळलाय तुझा." मी हसलो. वाटलं, चादर पिशवीतच राहू द्यावी. पण नसरीनने ती बाहेर काढून त्यांच्या मांडीवर पसरली होती.

आपांनी तळहात फिरवला. बोटांना फूल लागलं. पाकळीच्या आतली पाकळी, तिच्या आतली पाकळी, करवती पानं. त्यांचा चेहरा उजळला. "शाबासी हाय की," त्या म्हणाल्या आणि त्यांचं बोट सवयीने देठावर आलं, खाली निघालं, आणि संपलं. पुढे कोरं कापड होतं. बोट तिथे थोडं इकडेतिकडे फिरलं, वाट चुकलेल्या मुंगीसारखं. त्यांनी दुसरं फूल शोधलं. तिथेही तेच. तिसरं. मी त्यांच्या नाकाकडे बघत होतो. ते आता आकसेल, ओठ पुढे येईल. मी त्या शब्दाची वाट बघत होतो.

पिशवीत एक कार्ड होतं. नसरीनने ते काढलं. इंग्रजीत होतं, ती कौतुकाने मराठी करून सांगू लागली, "शाही इराणी बाग. आमच्या तरुण डिझायनरची कला. कुणाकडेही न शिकता, स्वतःच शिकलेला..." तिथे ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

आपांनी चादरीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, नीट.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "लई छान."

त्यांनी घडी माझ्याकडे सरकवली.

"नसरीन, चहा टाक. पाव्हणे आलेत." मग माझ्याकडे चेहरा करून, "तुमी साखर घेता ना?"

तीन वर्षांत आणि नंतरही त्यांनी मला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. मी चहा प्यालो. वडील बाहेर रिक्षात थांबले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणल्या आपा?" मी म्हणालो, "छान म्हणाल्या." वडिलांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा पालीकडे वळवली. त्या माणसाला चित्रातलं काही कळत नाही, पण आपांना ते ओळखतात.

सुरतेला परतल्यावर मी बटर पेपर आणला. यंत्राचा हात न लागलेला बागेचा नवा खाका काढायला मला चार महिन्यांचे रविवार लागले. हाताची सवय मोडली होती. वेलीला जागोजाग उचकी लागत होती. तो खाका गुंडाळून मी गेल्या आठवड्यात बीडला पाठवला, आणि सोबत हे पत्र:

आदरणीय आपा,

सप्रेम जयभीम, आणि सलाम.

हे पत्र नसरीन तुम्हाला वाचून दाखवील. सोबतचा खाका तिला वाचू देऊ नका, तो तुम्ही वाचा. कागद उलटा ठेवा म्हणजे भोकांची खरखर बोटाला लागेल. खाली डाव्या कोपऱ्यात मूळ आहे.

शेठनी मला विचारलं होतं, कुठे शिकलास. मी म्हणालो, स्वतःच. ते कार्डावरचं वाक्य माझ्याच तोंडून गेलं आहे, छापणाऱ्याची चूक नाही. मी आता शेठना तुमचं नाव, गल्ली, सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी कार्ड बदलू. बदलतील असं वाटत नाही. नोकरी मी सोडलेली नाही. सोडली असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण खोटं एकदा बोलून झालं आहे. तोडलेल्या फुलांवर मात्र मी आता सही करत नाही. दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा काय होईल ते कळवीन.

शाबासी फुलाचं पुस्तकातलं नाव वेगळं आहे. कधी भेटलो तर सांगेन. आपल्याकडे शाबासीच बरं.

मला शाबासी नको आहे, आपा. वेल फार ठिकाणी अवघडली आहे, मला माहीत आहे. शाबासीच्या उजव्या बाजूला तर तुमचं बोट नक्की अडेल. अडलं की नसरीनला फोन लावायला सांगा. बाकी काही बोलू नका, ते एकच अक्षर म्हणा आणि ठेवून द्या. पण छान म्हणू नका.

तुमचा,
मिलन